वंशावळीच्या संमेलनांना वारस हवेत

पूर्वजांचा माग काढणाऱ्यांच्या संस्था अमेरिकेत आपल्या साहित्यसंस्थांइतक्याच जुन्या आहेत. बोस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ सालची. वॉशिंग्टनमध्ये १९०३ साली स्थापन झालेली नॅशनल जिनिऑलॉजिकल सोसायटी आपल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेहून तीन वर्षांनी मोठी. या राष्ट्रीय संस्थेची परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. चार दिवस तासातासाची व्याख्याने, पुस्तकांचे आणि संगणक-प्रणालींचे प्रदर्शन, निरनिराळ्या मंडळांची स्नेहभोजने असा मोठा थाट असतो. मात्र सभागृहातले बहुतेक चेहरे निवृत्तीच्या वयाचे असतात, आणि आयोजकही ते लपवत नाहीत. दुसरीकडे त्याच देशात लाखो तरुण नळीत थुंकी भरून डीएनए तपासणीला पाठवतात, पूर्वजांवरच्या मालिका आवडीने पाहतात आणि मोबाइलवर आपला वंशवृक्ष जोडत बसतात. इतकी ओढ असणारी ही मंडळी परिषदेच्या दारात का दिसत नाहीत, हा तिथल्या संस्थांना भेडसावणारा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, तरुणांना पूर्वजांत रस नाही हे निदानच चुकीचे आहे. ते स्वतःचा एक प्रश्न घेऊन येतात आणि परिषद त्यांना ऐकण्यासाठी एक खुर्ची देते. खुर्चीऐवजी हाताला काम मिळाले, तर ते येतील आणि टिकतीलही.

परिषदा ओस पडल्या तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर या संस्थांनी केलेल्या कामात आहे. अमेरिकेत १८१२ च्या युद्धात लढलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात होती, सुमारे ७२ लाख पाने. हाताळून हाताळून ती झिजत चालली होती. फेडरेशन ऑफ जिनिऑलॉजिकल सोसायटीज या महासंघाने २०१० मध्ये ती वाचवण्याची मोहीम हाती घेतली. गावोगावच्या छोट्या मंडळांनी आणि सामान्य सभासदांनी वर्गणी दिली, तीस लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला, आणि त्यातून ही कागदपत्रे डिजिटल करून सर्वांसाठी खुली ठेवण्याची सोय झाली. निव्वळ नफ्याच्या हिशोबाने हे काम झाले नसते. माणसे एकमेकांना परिषदांत भेटत होती, एकमेकांवर विश्वास ठेवत होती, म्हणून ते झाले. पण १९७६ मध्ये सुरू झालेला हाच महासंघ २०२० मध्ये राष्ट्रीय संस्थेत विलीन झाला. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या लोकप्रिय मालिकेच्या नावाने २००७ पासून भरणारा वंशावळींचा मोठा वार्षिक मेळावा २०१७ नंतर बंद पडला. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असतील, पण पुढची फळी उभी राहिली नाही तर जुने कागद वाचवायला उभे राहणारे हातही कमी होतात, हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वंशावळ हा मुळात उतारवयातला छंद, मुलेबाळे मार्गी लागली की माणसे आपोआप त्याकडे वळतात, आजचे तिशीतले लोक साठीत येतीलच, मग घाई कशाला? हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, कारण कागद खरोखरच वाट पाहतात. अमेरिकेत जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली, १९६० ची २०३२ मध्ये होईल. ती आज पाहिली काय आणि वीस वर्षांनी पाहिली काय, अक्षर तेच राहणार. माणसे मात्र वाट पाहत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलीची आजी, कधी कधी पणजीही, हयात असते. साठीला आलेल्या माणसाच्या मागच्या पिढीत विचारायला फारसे कोणी उरलेले नसते. आजोबांनी गाव का सोडले, आडनाव का बदलले, फोटोत कडेला उभा असलेला मुलगा कोण, हे कोणत्याही जनगणनेच्या रकान्यात लिहिलेले नाही. म्हणजे या शोधाचा जो भाग सर्वांत नाशिवंत, तो करण्याचे योग्य वय विशी-पंचविशी हेच आहे. निवृत्तीपर्यंत थांबा असे तरुणांना सांगणे म्हणजे साक्षीदार गेल्यावर चौकशी सुरू करा असे सांगण्यासारखे आहे.

याला मानसशास्त्राचाही थोडा आधार आहे. एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास वीस साधे प्रश्न तयार केले. तुझे आईवडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरात कोणावर मोठा प्रसंग आला होता, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ज्या मुलांना घरची अशी माहिती अधिक, त्यांचा आत्मविश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावनाही अधिक, असे त्यांना आढळले. अभ्यास छोटा होता, आणि माहितीमुळे आत्मविश्वास आला की गप्पा होणाऱ्या घरातून दोन्ही आले, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरीही एवढे नक्की की, घरच्या गोष्टींची भूक म्हातारपणी लागते आणि तोवर झोपलेली असते, या समजुतीला त्यातून बळ मिळत नाही.

तरुण केव्हा येतात, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण १९७७ चे आहे. आदल्या वर्षी ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' प्रसिद्ध झाले होते. जानेवारी १९७७ मध्ये एबीसी वाहिनीने त्यावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली आणि अंदाजे १३ कोटी प्रेक्षकांनी ती थोडीफार तरी पाहिली. तोवर वंशावळ म्हटले की जुन्या वसाहतींतल्या प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यांचा प्रांत, असाच समज होता. गुलामीत पिचलेल्या माणसांनाही पूर्वज आहेत, आणि त्यांचा शोध घेता येतो, हे त्या आठ रात्रींनी घराघरांत पोचवले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये आफ्रो-अमेरिकन हिस्टॉरिकल अँड जिनिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या स्थापनेत राष्ट्रीय अभिलेखागारातले जेम्स डेंट वॉकर यांचा पुढाकार होता. लोकांना जो प्रश्न पडला होता, तो घेऊन बसायला एक जागा तयार झाली. जाहिराती करून किंवा प्रवेशशुल्कात सूट देऊन असे घडत नाही.

तो प्रश्न किती अवघड होता, हे एक पान जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव लिहिलेले असते आणि त्याखाली ओळीओळीने वय, लिंग, वर्ण. गुलामाचे नाव जवळजवळ कुठेच नाही. मुक्त झालेल्या या लाखो माणसांची नावे जनगणनेत आली ती १८७० मध्ये. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध १८७० पर्यंत बरा चालतो आणि तिथे भिंतीवर आदळतो. समजा, १८७० मध्ये एक स्त्री ३५ वर्षांची नोंदली आहे. मग १८६० च्या तक्त्यात त्याच परगण्यातल्या मालकांकडे २५ वर्षांची स्त्री शोधायची. अशा ओळी अनेक सापडतात, त्यातली आपली कोणती? इथे दुसरे कागद कामी येतात. मुक्त गुलामांसाठी १८६५ मध्ये काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, ठेवीदारांच्या घामाचे पैसे गेले. पण खाते उघडताना तिने लिहून घेतलेली माहिती उरली. खातेदाराचे जन्मगाव, आईवडील, भावंडे, मुले आणि काही नोंदींत जुन्या मालकाचे नावही त्यात आहे. हे तीन कागद एका टेबलावर ठेवा, भोवती चार नवखे आणि एक जाणकार बसवा, आणि त्या निनावी ओळीला नाव मिळते का ते पाहायला सांगा. त्या दीड तासात पुरावा म्हणजे काय हे जेवढे कळेल, तेवढे मागच्या रांगेत बसून ऐकलेल्या दहा व्याख्यानांत कळणार नाही. मी कामाबद्दल बोलतो आहे ते हे.

नवख्यांना परिषदेची गरज का आहे, तेही 'रूट्स'च्या पुढच्या इतिहासातून दिसते. कुंटा किंटे हा आपला पूर्वज १७६७ मध्ये लॉर्ड लिगोनियर या जहाजातून अमेरिकेत आणला गेला आणि वॉलर कुटुंबाकडे टोबी या नावाने राबला, असे हेली यांनी मांडले होते. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शॉन मिल्स या अभ्यासकांनी व्हर्जिनियातली दप्तरे तपासली. १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, वॉलर कुटुंबाकडचा टोबी १७६२ च्या कागदांतच सापडतो, म्हणजे जहाज येण्याच्या पाच वर्षे आधी. पुस्तकाने जागवलेली भावना त्यामुळे खोटी ठरली नाही, पण वंशावळीचा तो दुवा तुटला. माणसांना या वाटेवर आणते ती गोष्ट. त्या गोष्टीतले खरेखोटे निवडायला मात्र शिकावे लागते, आणि ते शिक्षण एकट्याने मोबाइलवर होत नाही. संगणकावरच्या वंशवृक्षांत एकाची चूक दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याची तिसरा, आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटू लागते. ही साखळी तोडायला 'तुला हे कशावरून कळले?' असे समोर बसून विचारणारा माणूस लागतो.

मग सगळे ऑनलाइन मिळत असताना प्रत्यक्ष परिषद कशाला, या दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. सॉल्ट लेक सिटीत २०११ पासून भरणाऱ्या रूट्सटेक या मेळाव्याने २०२१ मध्ये महासाथीमुळे सगळा कार्यक्रम मोफत ऑनलाइन केला, आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. दार उघडे असले की गर्दी होते, हे यातून सिद्ध झाले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक म्हणजे रूट्सटेकमागे फॅमिलीसर्च ही मॉर्मन चर्चची संस्था आहे. पूर्वजांची नावे शोधून त्यांच्यासाठी धार्मिक विधी करणे हा त्या पंथाचा आचार असल्याने चर्च या कामावर मोठा खर्च करते. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला ते परवडणार नाही. दुसरे म्हणजे व्याख्यान पाहणारा दहा लाखांतला एक असतो, त्याचा प्रश्न कोणाला ठाऊक नसतो. ऑनलाइन कार्यक्रम हे ओसरीसारखे आहेत. तिथवर लोकांना आणावेच, पण ओसरीवरून घरात कोणी बोलावले नाही तर पाहुणा निघून जातो. खरे काम आत बोलावण्याचे आहे.

तरुण हे काम करतील का, अशी शंका असेल तर २०१२ कडे पाहावे. १९४० च्या जनगणनेची पाने त्या वर्षी २ एप्रिलला खुली झाली. तीत १३ कोटी २० लाख माणसांच्या नोंदी होत्या, पण नावांची सूची नव्हती, त्यामुळे माणूस शोधायचा तर त्याचा पत्ता ठाऊक हवा. अभिलेखागार, कंपन्या आणि वंशावळ मंडळांनी मिळून स्वयंसेवकांना हाक दिली. दीड लाखाहून अधिक लोकांनी घरबसल्या एकेक पान वाचून नावे उतरवली आणि काही महिन्यांत सूची पूर्ण झाली. मुक्त गुलामांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या फ्रीडमन्स ब्युरोच्या दप्तरांचे असेच काम १९ जून २०१५ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सुमारे १८ लाख नावे शोधण्याजोगी झाली. अशा कामाला वयाची, पदवीची, पैशाची अट नसते. अर्ध्या तासात एक पान होते आणि झालेले काम डोळ्यांना दिसते. आता हस्ताक्षर वाचण्याचा पहिला हात यंत्रे फिरवू लागली आहेत. १९५० च्या जनगणनेच्या सूचीत त्यांचा वापर झाला, पण यंत्राने वाचलेले नाव बरोबर आहे का, हे तपासायला माणसेच लागली. या लाखभर स्वयंसेवकांतल्या किती जणांना परिषदेने व्यासपीठावर बोलावले, त्यांनी वाचलेल्या पानांवर पुढचा अभ्यास दिला, हा प्रश्न संस्थांनी स्वतःला विचारावा.

डीएनए तपासणीने तर दारापर्यंत येणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढवली, आणि त्यांच्या हातातले प्रश्नही गंभीर केले. दत्तक गेलेल्या मुलीला जन्मदात्यांचा माग लागतो. कोणाला साठ वर्षांनी सावत्र भाऊ सापडतो, कोणाला आपले वडील आपले जन्मदाते नाहीत हे कळते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'गोल्डन स्टेट किलर' या नावाने कुप्रसिद्ध खुन्याला नातेवाइकांच्या डीएनए जुळणीतून पकडले, आणि एकाने दिलेला नमुना सगळ्या गोतावळ्याची ओळख उघडी करू शकतो हे जगाला कळले. मार्च २०२५ मध्ये २३अँडमी या मोठ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय, ही चिंता उभी राहिली. असा निकाल हाती आलेल्या माणसाला सल्ला हवा असतो, धीर हवा असतो. परिषदेच्या प्रदर्शनात त्याला तपासणीचे संच स्वस्तात मिळतात. त्या निकालाचा अर्थ लावून देणारे आणि घरच्यांशी कसे बोलावे ते सांगणारे टेबल तिथे पहिल्याच दालनात असायला हवे.

तरुणांच्या अडचणी साध्या आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परिषदेचे शुल्क काहीशे डॉलर, वर विमान आणि हॉटेल. कार्यक्रम बहुधा आठवड्याच्या मध्यावर सुरू होणार, तेव्हा नोकरदाराची रजा जाते आणि पाळण्यातले मूल असलेल्यांची पंचाईत होते. म्हणून शनिवार-रविवारचा एका दिवसाचा पास, विद्यार्थ्यांना अल्प शुल्क, पहिल्यांदा येणाऱ्यांना प्रवासवृत्ती, मुलांना सांभाळण्याची सोय या गोष्टी हव्यातच. काही चांगली पावले पडलीही आहेत. राष्ट्रीय संस्था शालेय वयातल्या मुलांना स्वतःच्या घराण्याच्या इतिहासलेखनासाठी रूबिनकॅम यांच्या नावाने पुरस्कार देते. नेक्स्टजेन जिनिऑलॉजी नेटवर्क ही खास तरुण कुळशोधकांची संघटना उभी राहिली. पण सवलतीने माणूस एकदा येतो. दुसऱ्या वर्षी तो येतो ते कोणीतरी त्याची वाट पाहत असते म्हणून. एखादे सत्र तरुणांनी ठरवावे, त्यातले वक्ते त्यांनी निवडावेत, कार्यकारिणीत मत देणारी जागा त्यांना मिळावी. 'युवा प्रतिनिधी' म्हणून कोपऱ्यात बसवलेला माणूस लवकरच उठून जातो.

जुन्या जाणत्यांचा तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपलेपणातून येतो. दार रुंद केले की दर्जा घसरेल, करमणूक वाढेल, शोध मागे पडेल, अशी त्यांना भीती आहे. अमेरिकेतल्या कुळशोधकांनी ही विद्या मोठ्या कष्टाने शिस्तीत आणली. १९६४ मध्ये प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. पुढे पुराव्याची पाच कलमी कसोटी रुळली: शोध पुरेसा सखोल हवा, प्रत्येक विधानाचा आधार नोंदवलेला हवा, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले हवेत, विसंगतीचा उलगडा केलेला हवा आणि निष्कर्ष सुसंगतपणे लिहिलेला हवा. ही कसोटी सैल करावी असे कोणीच म्हणू नये. पण दार आणि कसोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगीत शिकवणारे गुरू पहिल्या दिवशी सा लावून घेतात, म्हणून मैफिलीचा दर्जा उतरत नाही. उलट, ज्याला पहिल्याच दिवशी 'हे कशावरून?' असे विचारायची सवय लागली, तो तीस वर्षे चुका उतरवून मग परिषदेत आलेल्या माणसापेक्षा चांगला शोधक होईल. दर्जाची खरी काळजी असेल, तर नवखा जितक्या लवकर हाती लागेल तितके चांगले.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. फॅमिलीसर्चने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत. तशा वह्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही आहेत. आपल्याकडे घराण्यांची कुलमंडळे आहेत, कुलवृत्तांत निघतात, कुलसंमेलने भरतात, आणि तिथेही नवी पिढी जेवणापुरती येते ही तक्रार असते. मात्र २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून सरकारने जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गावोगावची दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काही असो, कागदाला जिवंत प्रश्न जोडला गेला की माणसे कागदाकडे येतात, हे त्यातून दिसले. असे आणखी प्रश्न आपल्या घराघरांत आहेत. आपल्या जुन्या वंशावळींत मुलगे सापडतात, लेकींचा माग लग्नापाशी संपतो. कित्येक सासुरवाशिणींचे आडनावाबरोबर पहिले नावही बदलले गेले, आणि माहेरचे नाव कुठेच उरले नाही. कुलसंमेलनाला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीवर आपल्या आजीचे आणि पणजीचे माहेरचे नाव, गाव आणि आईचे नाव पुराव्यासह शोधून आणण्याचे काम सोपवले, तर ते आवडीने करतील. अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांनाही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत हे काम देता येईल. जातीच्या अभिमानापलीकडे जाणारा कुलवृत्तांत कदाचित तीच मुले लिहितील.

परिषद भरवणाऱ्यांनी, ती अमेरिकेतली असो की आपल्याकडची, पुढच्या वर्षाची आखणी करताना एक बदल करून पाहावा. 'तरुणांना आवडेल असे काय ठेवू या' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि नावनोंदणीच्या अर्जावरच विचारावे, तुम्हाला कोणाचा शोध घ्यायचा आहे? आलेल्या उत्तरांवरून टेबले मांडावीत, प्रत्येक टेबलाला एक जाणकार द्यावा आणि परिषद संपताना प्रत्येकाच्या हाती पुढच्या वर्षापर्यंतचे काम द्यावे. यात खर्च फारसा नाही, ज्येष्ठांच्या अनुभवाचे मोल उलट वाढते, आणि आज हयात असलेल्या आजी-आजोबांना विचारायचे प्रश्न ते असतानाच विचारले जातात. पूर्वजांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांनी आपल्या वारसांची सोय करणे, हे त्यांच्या मूळ कामाचेच अंग आहे.